कापडाच्या मागून पाहिलेला सिनेमा

माय,

तुझ्यामुळं दोन शहाणी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. तुला जाऊन एक आयुष्य होत आलं. त्या दोघांनी तुला कधी पाहिलं नव्हतं, तुझ्याविषयी काही ऐकलंही नव्हतं, आणि तरी भांडण सगळं तुझ्यावरून चाललं होतं. हे फक्त मला माहीत होतं. ध्यानात आलं तेव्हा आधी हसू आलं, मग राग आला, आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, तेव्हा म्हटलं तुलाच सांगावं. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि दोन ओळी झाल्या की वाचणाऱ्याला अडवून म्हणाली असतीस, "आरं, सगळं नगं वाचू. काय म्हनती हाय तेवढं सांग." म्हणून आधी थोडक्यात सांगते, मग सावकाश.

मी सिनेमे कापते, माय. सिनेमा करणारे ढीगभर चित्रं काढून आणतात. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, कशाला कशाच्या शेजारी लावायचं आणि कुठं थांबायचं, हे बघायचं आणि कात्री चालवायची, हे माझं काम. तू गेल्यावर मामानं मला पुण्याला नेलं. तिथल्या स्टुडिओत फिल्मच्या पट्ट्या चिकटवायला बायका ठेवत असत, त्यांच्यात मी लागले, आणि चिकटवता चिकटवता कापायलाही शिकले. आता केस पांढरे झाले, चष्मा जाड झाला. माझ्या धाकानं दिग्दर्शक खोलीबाहेर चपला काढून आत येतात, असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही, फिल्मला धूळ लागू नये म्हणून काढतात. पण मी कुणाचा गैरसमज दूर करायला जात नाही.

तर माझ्याकडं येणारे हे दोघे दिग्दर्शक. एक थोरला, एक धाकटा. वयात फार अंतर नाही, पण आपण असंच म्हणू. दोघांच्या सिनेमांत नाचगाणी नसतात, त्यामुळं बघणारे थोडे आणि त्यावर लिहिणारे फार. थोरला बोलायला कंजूस, धाकट्याला गप्प बसवायला दाराला कडी घालावी लागते. पण दोघांचं मेतकूट असं की एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या घरी पडलेला असायचा, आणि माझ्याकडं जेवायला आले की एकाच ताटातलं लोणचं खायचे. दोघांचे सगळे सिनेमे मीच कापले. मग एका विद्वानानं मासिकात लांबलचक लेख लिहिला. त्याचं म्हणणं, या दोघांच्या सिनेमात एक गोष्ट सारखी आहे. कुणी निघून गेलं की चित्र त्याच्यामागं जात नाही. जो मागं राहिला त्याच्यापाशी थांबतं, आणि इतका वेळ थांबतं की बघणारा खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. शिवाय दोघांच्या सिनेमात माणसं अधूनमधून डाव्या हातानं जेवतात. थोरल्यानं हे सगळं परदेशातल्या कुणा दिग्दर्शकाकडून उचललं आणि धाकट्यानं थोरल्याकडून, असा त्याचा निष्कर्ष. डाव्या हाताची तर त्यानं बंडखोरी करून टाकली आहे, त्यावर अख्खं पान खर्ची घातलं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

धाकटा भडकला. आपण कुणाची तरी सावली आहोत, हे कुणाला आवडेल? थोरल्यानं तेव्हा दोन शब्द बोलायला हवे होते, 'तसं काही नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तो मूग गिळून बसला, आणि त्याचं ते गप्प बसणं धाकट्याला होकारासारखं लागलं. मग त्यानं भर सभेत सांगितलं, की उलट त्यांनीच माझं पाहून केलं. झालं. तेव्हापासून एक जिन्यानं चढताना दिसला की दुसरा गच्चीत जाऊन उभा राहायचा. इथवरही मी म्हटलं असतं, भांडा, पोरं आहात. पण धाकट्याचा नवा सिनेमा माझ्या खोलीत पडून होता, आणि तो त्या सिनेमाचा शेवट बिघडवायला निघाला. शेवट असा, की मुलगी नर्सचं शिकायला शहरात निघते, एसटीत बसून जाते, आणि बाप घरी परत येतो. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या असतात. तो उकिडवा बसतो आणि एकेक मिरची उलटी करत राहतो. बस्स. मी निबर बाई, तरी पट्टी मागं फिरवून पुन्हा बघितली. आणि हा मला म्हणतो, "बाई, तो बाप काढून टाका. बसबरोबर चला. रस्ता, वारा, मुलीचा चेहरा, संपलं. मग कुणाची छाती होणार नाही हे त्याचं आहे म्हणायची." आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा तो असा. मी त्याला म्हटलं, मला चार दिवस दे. आणि त्या चार दिवसांत मला तूच दिसत राहिलीस.

कपिलधारची जत्रा आहे. मी तुझ्या मांडीला मांडी लावून जमिनीवर बसले आहे. थंडीचे दिवस, धबधब्याकडून गार वारं येतं आहे, आणि पुढं दोन वाशांना ताणून बांधलेलं एक भलंमोठं पांढरं कापड आहे. निजामाच्या राज्यात तंबूतला सिनेमा कधीमधी जत्रेला यायचा, तोही तहसीलदाराची मेहेरबानी झाली तर. पुरुषांनी बसायचं यंत्राच्या बाजूला आणि बायकांनी कापडाच्या मागं, असा रिवाज. आबा गावचे पाटील, तेव्हा त्यांना पलीकडं पुढचं बाकडं. तू पाटलीण असून तुला जमीन. तहसीलदाराच्या घरच्या बुरख्यातल्या बायका, आपल्या गल्लीतल्या बायका, धनगरांच्या वाडीवरची ती खाष्ट म्हातारी, सगळ्या एकीला एक खेटून. एक माणूस बादली घेऊन येतो आणि कापडावर पाणी मारतो, कारण कापड ओलं असलं की चित्र आमच्या बाजूला नीट उतरतं. पुढं बसलेल्या बायकांच्या अंगावर थेंब पडतात, त्या कुडकुडत पदर ओढून घेतात आणि बादलीवाल्याचा उद्धार करतात. मग दिवा लागतो. कापडाच्या मधोमध पलीकडच्या यंत्राच्या दिव्याचा पांढरा गोळा दिसतो, त्याच्याभोवती माणसं हलायला लागतात, आणि म्हातारी तुझा दंड गच्च धरते.

तो मुका सिनेमा. मध्येमध्ये अक्षरं यायची, ती आम्हाला उलटी दिसायची, आणि सुलटी असती तरी वाचणारं कोण होतं. पलीकडं एक सांगणारा असायचा. तो कापडाशेजारी उभा राहून अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत मोठ्यानं गोष्ट सांगायचा, पण पुरुषांच्या शिट्ट्यांत त्याचं निम्मं बोलणं आमच्यापर्यंत यायचंच नाही. मग तू सांगायला लागायचीस. कुणी तुला सांगायला नेमलं नव्हतं. तू आपली मला सांगायचीस, आणि शेजारच्या बायका कान द्यायच्या, आणि थोड्या वेळानं बुरख्यातल्या बायकासुद्धा सरकून जवळ यायच्या. चित्रातली सगळी माणसं डाव्या हातानं जेवताना दिसली, देवाला डाव्या हातानं फूल वाहताना दिसली, तेव्हा म्हातारी खवळली होती. "आगं बया, ह्यास्नी आईबापानं काई शिकविलं का न्हाई?" तू अगदी शांतपणे म्हणालीस, "म्हातारे, मुंबईकडची रीत आसंल ती. परतेक मुलखाची येगळी आसती." आपण चित्र उलट्या बाजूनं बघतो आहोत, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मुंबईचे लोक डावखुरे असतात, यावर आपल्या अर्ध्या गावाचा कित्येक वर्षं विश्वास होता. मामाच्या घरी पुण्याला पहिल्यांदा पानावर बसले तेव्हा मी मामीच्या हाताकडं टक लावून बघत होते. तिला वाटलं पोर भुकेली आहे, तिनं आणखी एक पोळी वाढली.

त्या सिनेमातलं एक मला अजून दिसतं. एक देखणा माणूस घोड्यावर बसून निघून जातो, आणि त्याची बायको घाटाच्या पायऱ्यांवर उभी राहते. मला घोड्याचं वेड. घोडा कापडाच्या कडेला जाऊन नाहीसा व्हायला लागला तशी मी उठून उभी राहिले, मान लांब करून बघायला लागले, जणू कडेपलीकडं डोकावलं की तो दिसणारच आहे. तू मला परकराला धरून खाली ओढलंस आणि मांडीला असा चिमटा काढलास की दोन दिवस वळ होता. "जानाऱ्याकडं काय बघायलीस? ऱ्हायलीय तिच्याकडं बघ की." मी रडवेली होऊन बघितलं. बाई नुसती उभी होती. काही करत नव्हती. आणि तेवढ्यात रीळ संपलं. यंत्र एकच, त्यामुळं दुसरं रीळ चढवेपर्यंत सगळा अंधार. पलीकडं पुरुष ओरडायला लागले, बाकडी वाजवायला लागले. आणि आमच्या बाजूला, त्या अंधारात, तुझा आवाज चालूच राहिला. "आता ती लगीच न्हाई रडायची. आदी पायऱ्या झाडील. त्येच्या घोड्याची माती पडली आसंल, ती झाडील. मग वर जाईल, त्येचं हातरून तसंच आसंल, ते गुंडाळील. मग बसंल." एकही बाई हलली नाही. समोर चित्र नव्हतं आणि सगळ्या कोऱ्या कापडाकडं बघत होत्या. मग दिवा लागला, नवं रीळ सुरू झालं, त्यात तो घोडेस्वार कुठल्या तरी राजवाड्यात पोचला होता, आणि बायकांच्यातली एक चक्क म्हणाली, "ह्येला कावून दावायलेत? तिचं दावा की."

दुसऱ्या दिवशी घरी तुझं आणि आबांचं जुंपलं. तू चुलीपुढं भाकरी थापते आहेस, आबा पाटावर बसून दूध-भाकरी कुस्करताहेत, आणि मी मध्ये. आबा म्हणाले, "त्यो लढाईला गेलता. सांगनाऱ्यानं सोत्ता सांगितलं." तू भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "लढाईला जानारा मानूस सारखा पागोटं नीट करत जातो व्हय? त्यो दुसरीकडं गेलता."

"आगं, तू उलट्या बाजूनं बघितलंस, म्हून उलटं सांगायलीस."

"उलटं आसंल. पर तुमी त्या सांगनाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसलाव. आमी चित्राकडं बघितलं."

आबा मोठ्यानं हसले. तुझ्याशी बोलण्यात त्यांचा कधी निभाव लागला नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. मग वाटीतलं दूध संपवता संपवता, माझ्याकडं न बघता, हळूच तुला विचारलं, "मग फुडं तिचं काय झालं?" आणि तू त्यांनाही ते सगळं सांगितलंस, झाडणं, अंथरूण, बसणं. चित्रात नसलेलं. आबा ऐकत बसले आणि हातावरचं दूध वाळून गेलं. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. पाटलाला जमिनीवर बसणाऱ्या बाईनं सिनेमा सांगावा, ही काय साधी गोष्ट आहे?

पण हे तू सिनेमापुरतं करायचीस असं नाही, आणि म्हणूनच ते माझ्यात इतकं मुरलं असावं. शेजारचा थोरला पोरगा हैदराबादला नोकरीला निघाला, तो दिवस आठव. आपल्या खेड्यातून इतक्या लांब कुणी गेलं नव्हतं. हलगी वाजत होती, गुलाल उडाला होता, अख्खं गाव वेशीपर्यंत गाडीच्या मागं चाललं होतं. मी तुझा हात ओढत होते, "माय चल ना, गाडी निघाली." तू हात सोडवून घेतलास आणि उलट्या दिशेनं त्यांच्या घरात शिरलीस. त्याची आई चुलीपाशी बसली होती, चूल विझलेली. तू काही विचारलं नाहीस, तिची समजूत घातली नाहीस. भिंतीवरचं सूप काढलंस, पोत्यातली तूर घेतलीस आणि तिच्यासमोर बसून पाखडायला लागलीस. बऱ्याच वेळानं तिनंही खडे वेचायला हात घातला. बाहेर हलगी लांब लांब जात होती. मी उंबऱ्यावर पाय आपटत होते. तू मला तिच्यादेखत काही बोलली नाहीस. घरी आल्यावर म्हणालीस, "जानाऱ्यासंगं आख्खं गाव हाय. हिच्यासंगं कोन हाय?" मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मला गुलाल चुकल्याचं दुःख होतं.

तर माय, मी कात्री हातात घेतली तेव्हापासून माझ्याकडून हेच होत गेलं. कुणी निघालं की माझा हात थांबतो. पहिल्यांदा थोरल्याच्या सिनेमात मी असं लांबवलं तेव्हा तो अस्वस्थ झाला, खोलीत येरझाऱ्या घातल्या, आणि मग काही न बोलता निघून गेला. म्हणजे त्याला आवडलं. धाकट्यानं तर मिठीच मारली. आणि डावा हात? जेवणाऱ्याची नजर समोरच्याशी जुळेना, तेव्हा मी पट्टी उलटी करून लावली, त्यात उजव्याचा डावा झाला, एवढंच. दुसरं कुणी असतं तर त्याला डावा घास खटकला असता. मला खटकला नाही. मला सिनेमातली माणसं अशीच जेवताना आधी दिसली होती. त्या विद्वानाला हे कळलं तर बिचाऱ्याची बंडखोरी पाण्यात जाईल.

चार दिवस झाल्यावर मी दोघांना बोलावलं. एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. आधी थोरला आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. मग धाकटा आला, त्याला बघून दारातच थबकला आणि चपला पुन्हा पायात घालायला लागला. मी म्हटलं, "चपला राहू दे. आत ये आणि दार लाव. मला तुमच्याशी माझ्या आईविषयी बोलायचं आहे." यावर कुणाला काही म्हणता येत नाही. दोघंही बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, कापड, बादली, घोडा, चिमटा, तूर. माझं संपल्यावर धाकटा मोकळं हसला, कितीतरी महिन्यांनी. "म्हणजे बाई, आम्ही दोघं एकमेकांचे चोर नाही. तुमच्या आईचे चोर आहोत."

थोरला हसला नाही. तो विचार करून म्हणाला, "पण बाई, चित्रं आम्ही काढली. माणूस गेल्यावर मी कॅमेरा बंद केला नाही, म्हणून तुम्हाला थांबता आलं. मी का बंद केला नाही?" खरंच आहे. त्यांनी काढलंच नसतं तर मी काय आकाशातून कापणार होते? तो मग सावकाश सांगू लागला, की त्याचे वडील रेल्वेत, सारखी बदली, आणि दर वेळी फलाटावर आजोबा उभे राहायचे. डब्याच्या खिडकीतून ते लहान लहान होत जाताना तो बघायचा. ते पुढं काय करत असतील, घरी कसे जात असतील, हा विचार त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही. धाकटा त्याच्याकडं बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मी बंद करत नव्हतो, कारण बंद केला की बाई विचारायच्या, मागं राहिलेल्याचं कुठंय? शिव्या बसतील म्हणून चालू ठेवायचो." यावर मलाही हसू आलं. म्हणजे काय कुणाकडून कुणाकडं गेलं, याचा हिशेब लागायचा नाही. शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून दही शेजारणीचं होत नाही, दूध आपल्या घरचं असतं. आणि त्या परदेशातल्या दिग्दर्शकाचं म्हणशील, तर त्यालाही कुणीतरी चिमटा काढला असेल. त्याचे सिनेमे बघायचे असं मी आता ठरवलं आहे. इतके दिवस त्याचं नाव निघालं की मला उगाच राग यायचा.

पण माझं काम अजून व्हायचं होतं. मी दिवा मालवला आणि धाकट्याच्या सिनेमाचे दोन्ही शेवट लावले. आधी त्याला हवा होता तो. बस निघते, रस्ता, वारा, मुलीच्या कपाळावर केस. खोटं कशाला बोलू, चांगला दिसत होता. धाकट्याला काम येतं. मग दुसरा. बाप परत येतो, मिरच्यांपाशी बसतो, एक उलटी करतो, दुसरी करतो. धाकटा हट्टाला पेटला तर तो बाप कायमचा डब्यात जाणार होता, आणि त्याच्याबरोबर या दोघांची उरलीसुरली मैत्रीही. चित्र संपलं, पट्टी यंत्रावर फडफडायला लागली. मी यंत्र बंद केलं. तेव्हा कोपऱ्यातून थोरल्याचा आवाज आला, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

"अरे, अजून थोडं राहू दे. त्याच्या सगळ्या मिरच्या उलट्या होऊ देत."

धाकट्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही. डोळे पुसत होता असं मला वाटलं, पण अंधार होता. मग तो म्हणाला, "पुढचं आहे माझ्याकडं. काढून ठेवलंय. तुझंच म्हणतील म्हणून आणलं नव्हतं."

"म्हणू देत की," थोरला म्हणाला.

डबा दुसऱ्या दिवशी आला. मी तो बाप पूर्ण ठेवला, माय. सगळ्या मिरच्या होईपर्यंत. लोक खुर्चीत चुळबुळ करणार, विद्वान पुन्हा लेख लिहिणार, लिहू देत. आज दोघं माझ्याकडं जेवायला होते. धाकटा बोलत होता, थोरला ऐकत होता, म्हणजे सगळं ठीक आहे. मी ठेचा केला होता, तुझ्या हातचा जमत नाही, पण दोघांनी नाक पुसत पुसत खाल्ला.

आणि हात धुताना धाकटा म्हणाला, "बाई, सिनेमातल्या नावांच्या पाट्या रंगवायला द्यायच्या आहेत. सुरुवातीला तुमच्या आईचं नाव टाकायचं आम्ही ठरवलंय, एकटं, वेगळ्या पाटीवर. हाही त्याच्या पुढच्या सिनेमात टाकणार आहे. नाव काय त्यांचं?" थोरल्यानं खिशातून पेन काढलं. मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "उद्या देते. नीट लिहून देते."

ते गेल्यावर कागद घेऊन बसले आहे. लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं तुझं नाव मला माहीत आहे. त्या नावानं कुणी हाक मारली की तू कधी लगेच ओ दिली नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "ते मला आजून आपलं वाटत न्हाई." मग तुझं आपलं कोणतं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मला तू माय होतीस, तेवढ्यात माझं भागत होतं. पाटीवर ते सासरचं नाव टाकायला हात धजत नाही. मामा आता नाही, पण पाटोद्याला तुझी धाकटी बहीण अजून आहे. कानानं अधू झाली, पण जुनं सगळं लख्ख आठवतं म्हणे. उद्या तिच्याकडं निघते आहे. तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारीन, पोरपणी तुम्ही माझ्या मायला काय म्हणून हाक मारायचा. पाटी रंगवणारा थांबेल, नाही थांबला तर मी थांबवीन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. त्या दोघांना वाटतं आहे, बाईंना नाव माहीत आहे, फक्त नीट लिहून द्यायचं आहे. मला माहीत नाही, माय.